तेराव्यानंतर

खानदेशातल्या रावेर तालुक्यात घरातलं माणूस गेलं की पुढचे दहा-तेरा दिवस काय करायचं हे कुणाला विचारावं लागत नाही. पहिल्या दिवशी चूल पेटत नाही, भाऊबंदांच्या घरून भाकरी येते. खांदा द्यायला गाव येतं. राख सावडणं, दहावा, उत्तरकार्य, गंधमुक्ती असं एकामागून एक ठरलेलं असतं. मधल्या दिवसांत पाहुणे दारावर येत राहतात. बायका घरातल्या बाईच्या गळ्यात पडून रडतात. पुरुष ओट्यावर अंथरलेल्या सतरंजीवर बसतात, फारसं बोलत नाहीत, घोटभर पाणी पिऊन उठतात. कुणी तरी जाणती बाई ताट पुढे सरकवून म्हणते, "दोन घास खाय वं माय." ज्याचं माणूस गेलं त्याच्यावर या दिवसांत एकही निर्णय एकट्याने घेण्याची पाळी येत नाही.

मग मांडव निघतो. भाड्याची भांडी परत जातात, लेकी सासरी जातात, शेजारी आपापल्या मळ्याकडे वळतात. मला या चौदाव्या दिवसाबद्दल आणि त्यानंतरच्या वर्षाबद्दल लिहायचं आहे. आपल्या रीतीभातींनी पहिले तेरा दिवस उत्तम सांभाळले आहेत. पुढचं मात्र आपण नशिबावर सोडून दिलं आहे, आणि माणसं मोडतात ती बहुतेक करून तिथेच.

आधी एक गैरसमज बाजूला करायला हवा. दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक झालं आहे: आधी नकार, मग राग, मग देवाशी घासाघीस, मग खिन्नता आणि शेवटी स्वीकार. एलिझाबेथ कुब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ साली एका पुस्तकात या पायऱ्या मांडल्या. पण त्यांनी त्या मांडल्या होत्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या माणसांना त्या पुढे जोडल्या गेल्या, आणि त्यांचा क्रम जणू कायदाच होऊन बसला. पुढच्या संशोधनात असा ठरीव क्रम काही हाती लागला नाही. तरी या समजुतीने नुकसान केलंच. ज्या बाईला नवऱ्याच्या मरणानंतर राग आलाच नाही तिला वाटतं, आपलं काही चुकतंय का? जिला पाचव्या दिवशी नातवाच्या बोबड्या बोलण्यावर हसू फुटलं ती दिवसभर स्वतःला दोष देत बसते. एखादा मुलगा बापाच्या मागे सहा महिने सुरळीत राहतो आणि सातव्या महिन्यात बापाच्या मोटारसायकलची किल्ली हाती लागते तेव्हा हमसून रडतो. घरच्यांना वाटतं, हा उलटा चालला. तो उलटा वगैरे काही चाललेला नसतो.

युट्रेक्टच्या विद्यापीठातल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये जी मांडणी केली ती मला आपल्या गावाकडच्या अनुभवाशी जास्त जुळणारी वाटते. त्यांचं म्हणणं असं की दुःखातल्या माणसापुढे एकाच वेळी दोन कामं असतात. एक काम गेलेल्या माणसाचं: त्याची आठवण, त्याच्यासाठी रडणं, त्याचे कपडे पाहणं, त्याच्याबद्दल बोलणं. दुसरं काम उरलेल्या आयुष्याचं: घरखर्च, शेती, मुलांची फी, तो जे व्यवहार बघायचा ते शिकून घेणं. निरोगी माणूस या दोहोंमध्ये सतत ये-जा करतो. सकाळी रडतो, दुपारी बँकेत जातो, रात्री पुन्हा रडतो. यातलं एक खरं आणि दुसरं खोटं असं नसतं. सतत पहिल्याच कामात राहणारा माणूस खंगतो. सतत दुसऱ्याच कामात राहणारा, म्हणजे 'किती खंबीर आहे बघा' असं ज्याच्याबद्दल गाव बोलतं तो, आतून साठत जातो. ये-जा चालू असणं हीच प्रकृती ठीक असल्याची खूण.

हे समजून घ्यायला परदेशी पुस्तकच उघडलं पाहिजे असं नाही. आसोद्याची लेक आणि जळगावची सून असलेल्या बहिणाबाई चौधरींना ऐन तिशीत वैधव्य आलं. पदरी लहान मुलं होती. त्यातला ओंकार प्लेगमधून वाचला पण अधू झाला. बहिणाबाईंनी वैधव्यावर गाणी रचली, त्यातला शोक झाकून ठेवला नाही. आणि त्याच बाईने पेरणीवर, मोटेवर, घरोट्यावर, आखाजीच्या झोक्यावरही गाणी रचली. हात कामात आणि ओठांवर गाणं. लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी जमेल तसं उतरवून घेतलं, म्हणून ते उरलं आणि बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तक निघालं. बहिणाबाई असामान्य होत्या हे खरंच. पण जात्यावर बसून दुःख गाण्यात घालणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात मेलेल्या आईसाठी, गेलेल्या भावासाठी, नांदू न दिलेल्या लेकीसाठी गायलेल्या ओव्यांचा मोठा साठा आहे. पहाटेचं दळण म्हणजे बाईला रोज मिळणारी, कुणी न अडवणारी रडायची जागा होती, आणि ते रडणं पीठ पडता पडता होत होतं. पिठाच्या गिरण्या आल्या, बायकांचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण ती जागा गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी कोणतीही आली नाही.

खानदेशात एक जागा मात्र अजून टिकून आहे: आखाजी. बाहेरच्या वाचकाला अक्षय्य तृतीया म्हणजे सोनेखरेदी आठवेल. आमच्याकडे तो पितरांचा दिवस आहे आणि त्याच वेळी लेकींचा सण आहे. सकाळी मातीची नवी घागर पाण्याने भरायची, तिच्यावर लहान भांडं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, सोबत आंबे आणि सांजोऱ्या. घरातल्या गेलेल्यांची नावं घ्यायची, आगारी टाकायची, म्हणजे निखाऱ्यावर त्यांच्या नावाचा घास. नावं घेताना घरातल्या कर्त्याचा आवाज अडतो, तेव्हा सगळे थांबतात, कुणी त्याला घाई करत नाही. आणि दुपारच्या पुरणपोळी-आमरसानंतर त्याच घरातल्या माहेरवाशिणी लिंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर चढून गाणी म्हणतात. वर्षाच्या कराराने राबणाऱ्या सालदाराचं सालही याच दिवशी संपतं आणि नवं ठरतं, म्हणजे शोक, आनंद आणि हिशेब तिन्ही एका दिवसात. ज्या घरातलं माणूस वर्षभरात गेलेलं असतं तिथे पहिली आखाजी फार जड जाते हे खरं. तरीही ती टाळू नये असं मला मनापासून वाटतं. गेलेल्याशी नातं तोडून टाकल्याशिवाय माणूस पुढे जात नाही, असं विसाव्या शतकातले बरेच मानसतज्ज्ञ समजत होते. १९९६ मध्ये डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संपादित केलेल्या एका ग्रंथाने हे मत बदलायला लावलं. नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि बहुतेकांना त्या बदललेल्या नात्याचा आधारच वाटतो, असं त्यात दाखवलं आहे. बापाच्या नावाने घागर भरणाऱ्या मुलाला हे कुणी सांगायची गरज नव्हती.

सगळ्याच रीती अशा हितकर नाहीत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं आणि मग वर्षभर किंवा जन्मभर तिला हळदीकुंकवाच्या, लग्नाच्या मांडवापासून लांब ठेवणं. यात दुःख हलकं करणारं काहीही नाही. ज्या काळात तिला माणसांची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच काळात तिला माणसांतून उठवलं जातं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांना तसं करायला सांगितलं. ठरावाने मनं बदलत नाहीत असं म्हणणारे भेटतात. मला वाटतं, ठरावाने निदान त्या दिवशी घरातल्या लेकीला 'आईच्या बांगड्यांना हात लावू नका' असं ठणकावून सांगायला आधार मिळतो, आणि त्या दिवशी तेवढाच पुरतो.

आता पुन्हा त्या दोन कामांकडे. कारण रावेरसारख्या ठिकाणी दुसरं काम पहिल्याला श्वासही घेऊ देत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यातल्या किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक रात्री उलटला आणि त्यावर बसून घरी परतणारे किमान पंधरा मजूर दगावले. बहुतेक सगळे रावेर तालुक्यातले, आभोडा आणि केऱ्हाळा परिसरातले. एकाच गावात एका दिवशी अनेक चिता पेटल्या. हातावर पोट असलेल्या अशा घरांत सुतक पाळायचं म्हणजे तेवढ्या दिवसांची मजुरी बुडवायची. रडण्यासाठीही काही शिल्लक लागते, ही गोष्ट दुःखावरच्या पुस्तकांत फारशी येत नाही.

म्हणून मी दुःखातल्या घराला मदत म्हणजे काय याचा विचार करतो तेव्हा मला आधी कागद आठवतात. मृत्यूची नोंद कायद्याने २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. शेतकरी किंवा त्याच्या घरचं माणूस वीज पडून, साप चावून, विहिरीत पडून किंवा रस्त्यावर अपघातात गेलं, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख रुपये मिळू शकतात. पण प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जावा लागतो. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे वीस हजार असतात. विधवेला संजय गांधी निराधार योजनेचं दरमहा अर्थसाहाय्य असतं. बँकेच्या खात्यातून वर्षाला कापला जाणारा विम्याचा हप्ता तर घरच्यांच्या गावीही नसतो. पासबुक उघडून कुणी तरी नीट बघितलं तरच कळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सातबाऱ्यावर वारस म्हणून बाईचं आणि मुलींचं नाव लागणं. या मुदतींतले पहिले तेरा दिवस सुतकातच जातात. शोकाने सुन्न झालेल्या माणसाला एखादा अर्ज तीनदा वाचूनही कळत नाही, तारीख लक्षात राहत नाही, कार्यालयातल्या एका उर्मट शब्दाने तो घरी परत येतो आणि पुन्हा जात नाही. तेव्हा ज्याला तहसील कचेरीची वाट माहीत आहे अशा शेजाऱ्याने, भाच्याने, शाळेतल्या गुरुजींनी त्या बाईसोबत दोन-तीन दिवस जाणं हे दारावर येऊन बसण्याइतकंच मोलाचं सांत्वन आहे. माझ्या मते त्याहून मोठं. काही गावांत तरुण मंडळं गणपतीचा मांडव उभारण्यात महिनाभर घालवतात. त्यातल्या दोघांनी वर्षभरात गेलेल्या माणसांच्या घरचे कागद पूर्ण करायचं काम अंगावर घेतलं तर गावाचं रूप बदलेल.

कागदानंतर शरीर. दुःख मनात असतं असं आपण म्हणतो, पण ते आधी शरीरात उतरतं. झोप तुटते, भूक जाते, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, तोंडाला कोरड पडते. २०१२ मध्ये अमेरिकेत हृदयविकाराचा झटका आलेल्या सुमारे दोन हजार रुग्णांच्या अभ्यासात असं दिसलं की जवळचं माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत झटक्याचा धोका नेहमीच्या एकवीस पटींपर्यंत जातो आणि पुढचे काही आठवडे हळूहळू उतरत जातो. आपल्याकडे मयतीच्या घरात म्हाताऱ्या आईच्या ब्लडप्रेशरच्या आणि वडिलांच्या साखरेच्या गोळ्या कोण बघतं? बहुधा कुणीच नाही. त्यांनी दोन दिवस काही खाल्लेलं नसतं, मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेलेला असतो, घरात माणसांची गर्दी असते आणि पंखा एक. मयतीला गेलात तर घरातल्या सुनेला हळूच विचारा, आजींच्या गोळ्या कुठे आहेत, सकाळची दिली का? वेळेवर पाणी, लिंबूसरबत, गोळी, रात्री तीन-चार तासांची शांत झोप. पहिल्या आठवड्यातलं औषध एवढंच.

झोपेसाठी दारूचा आधार घेणारे पुरुष मी बरेच पाहिले आहेत. कुणी तरी चांगल्या हेतूनेच सुरुवात करून देतो, 'घे थोडी, डोळा लागेल'. डोळा लागतोही. पण दारूची झोप पहाटे तीनला मोडते, आणि त्या वेळचं एकटेपण आधीपेक्षा भयाण असतं. दारू स्वतःच खिन्नता वाढवते. वर्षभरात ती सवय होते, आणि ज्या घराने एक माणूस गमावलं त्या घराला दुसरा माणूस डोळ्यांदेखत गमवावा लागतो. पुरुषांनी रडायचं नाही या शिकवणीची किंमत आपण अशी चुकती करतो. ओट्यावर बसून गप्प राहणाऱ्या पुरुषांपैकी एकाने तरी दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवून 'तुझ्या बापाची एखादी गोष्ट सांग' असं म्हणावं. गोष्ट सांगता सांगता रडू येतंच, आणि ते आलं तर येऊ द्यावं.

इथे एक सावधगिरी. बोलावं म्हणजे बोलायला लावावं असं नाही. एके काळी अपघातातून वाचलेल्यांना लगेच बसवून सगळं पुन्हा सांगायला लावण्याची पद्धत होती. तिचे अभ्यास तपासल्यावर दिसलं की सरसकट असं केल्याने फायदा होत नाही, काहींना उलट त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये दिलेला सल्ला साधा आहे: आधी बघा, मग ऐका, मग मदतीशी जोडून द्या. 'रडू नको', 'देवाची मर्जी', 'निदान जास्त हाल तरी झाले नाहीत' ही वाक्यं बोलणाऱ्याची अवघडलेली अवस्था मोकळी करतात, ऐकणाऱ्याची नाही. काही सुचत नसेल तर नुसतं बसावं. रावेरच्या ओट्यावरच्या त्या गप्प बैठकीत जे चांगलं आहे ते हेच आहे.

करोनाच्या काळात ही बैठकही हिरावली गेली. २०२० च्या मे-जूनमध्ये जळगाव जिल्ह्यातलं मृत्यूंचं प्रमाण देशभर चर्चेचा विषय झालं होतं. तेव्हा गेलेल्यांना खांदा मिळाला नाही, दारावर कुणी आलं नाही, कितीकांनी तोंडही पाहिलं नाही. त्या घरांतलं दुःख कुठे तरी अडून बसलं आहे. इतक्या वर्षांनीही त्यांच्याकडे जाऊन त्या माणसाचा विषय काढायला हरकत नाही. उशीर झाला म्हणून ते कुणाला नकोसं वाटत नाही.

आणि काही दुःखांना तर दारावर येणारे कधीच नसतात. केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये याकडे लक्ष वेधलं: समाज ज्याला दुःख मानतच नाही असं दुःख. पोटातलं मूल गेलेली बाई. आत्महत्या केलेल्याचं घर, जिथे लोक येतात ते सांत्वनापेक्षा चौकशीला. आणि आमच्या तालुक्यात, आडवी झालेली केळीची बाग.

हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगायला हवं. पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरी साधारण सतराशे झाडं बसतात. टिश्यूकल्चरची रोपं, ठिबक, खतं, मजुरी असा पैसा वर्षभर मातीत जातो, बराचसा उसना. बाग निसवते, घड भरतात, कापणी आठ-पंधरा दिवसांवर येते. आणि मे-जूनच्या एखाद्या संध्याकाळी सातपुड्याकडून नाही तर तापीकडून काळं येतं, अर्धा तास वारा सुटतो, आणि ऐन भारात असलेली झाडं, घडाच्या वजनानेच, मधोमध मोडून पडतात. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला तलाठी येतात, पुढारी येतात, फोटो निघतात. त्यानंतर बागेत शेतकरी एकटा असतो, आणि पडलेली खोडं बाहेर काढायलाही मजुरी लागते. कधी वारा नसतो, तर पानांवर पिवळे पट्टे पाडणारा सीएमव्हीचा विषाणू असतो आणि लावलेली रोपं आपल्याच हाताने उपटून फेकावी लागतात. या माणसाने शोक केला तर घरचेच म्हणतात, 'पीक गेलं, जीव तर राहिला ना?' जीव राहिला हे खरं. पण वर्षभराचे कष्ट गेले, बाजारातली पत गेली, मुलीच्या लग्नाची तारीख पुढे गेली. ते रडण्याजोगं आहे असं आधी कुणी तरी मान्य करायला हवं. नंतर विम्याची तक्रार, बँकेतून कर्जाच्या पुनर्गठनाची विचारणा, सावकाराशी मध्यस्थी, ही कामं एकट्याने न करता सोबत करावीत.

अशा वेळी माणूस घरात पडून राहतो. 'बरं वाटलं की उठेन' असं तो म्हणतो. गोव्यात 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेला एक प्रयोग याबाबत फार उपयोगी आहे. तीव्र नैराश्य असलेल्या माणसांना मानसोपचारतज्ज्ञांनी नव्हे, तर खास शिकवलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी सहा ते आठ वेळा भेटून एकच गोष्ट शिकवली: बरं वाटण्याची वाट न बघता रोज एक ठरलेलं, झेपेल एवढंच काम करायचं, आणि त्याने मनाला काय वाटलं ते पाहायचं. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षात तीन महिन्यांनी या गटातली ६४ टक्के माणसं नैराश्यातून बाहेर आलेली होती. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात ३९ टक्के. दुःख आणि नैराश्य एक नव्हेत, पण ही युक्ती दोन्हीकडे चालते. पहिल्या दिवशी फक्त गोठा झाडायचा. दुसऱ्या दिवशी गोठा आणि चौकापर्यंत एक फेरी. सगळी बाग एकदम नाही, एक ओळ. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या गावांमध्येही असेच गावपातळीवरचे कार्यकर्ते घेऊन काम झालं, तेव्हा नैराश्यासाठी मदत मागणाऱ्यांचं प्रमाण ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं. म्हणजे गावातली माणसं बोलायला तयार असतात. ऐकणारं कुणी तरी जवळ असावं लागतं.

लहान मुलांबद्दल थोडं. त्यांना 'आजोबा झोपलेत' असं सांगू नये. मग ती झोपायला घाबरतात. 'बाहेरगावी गेलेत' असं तर मुळीच नको, कारण ती वाट पाहतात. पाच-सात वर्षांपर्यंत मुलांना मरण कायमचं असतं हे पुरतं उमगत नाही, म्हणून ती तोच प्रश्न दहादा विचारतात. दहादा खरं तेच सांगावं, छोट्या वाक्यात. मूल रडून पाच मिनिटांत खेळायला पळालं तर त्याला दुःख नाही असं समजू नये. ये-जा करणं त्याला मोठ्यांपेक्षा सहज जमतं.

बहुतेक माणसं औषधाशिवाय, डॉक्टरशिवाय, आपल्या माणसांच्या आधाराने सावरतात. पण सगळी नाही. २०१७ च्या एका आढाव्यानुसार नैसर्गिक मृत्यूनंतर दहातल्या एकाचं दुःख महिनोन्महिने तितकंच तीव्र राहतं; अपघात, आत्महत्या किंवा खून असेल तर हे प्रमाण कितीतरी वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात याला स्वतंत्र आजाराचं नाव मिळालं आहे. सहा महिने उलटून गेले तरी रोजचा दिवस फक्त गेलेल्या माणसाभोवती फिरतो, कामधंदा सुटला आहे, आपलाही एक तुकडा मेला असं वाटतं, कुणावर विश्वास राहिलेला नाही, तर उपचार घ्यावेत. त्यासाठी खास समुपदेशनाच्या पद्धती आहेत आणि त्या लागू पडतात.

काही खुणांसाठी मात्र सहा महिने थांबू नये. 'माझ्यावाचून सगळ्यांचं सुरळीत होईल' असं बोलणं, देणीघेणी अचानक मिटवू लागणं, जपलेल्या वस्तू वाटून टाकणं, फार दिवसांच्या घालमेलीनंतर एकाएकी शांत होणं. अशा वेळी सरळ विचारावं, 'जीव द्यायचे विचार येतात का?' विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. उलट बहुतेकांना कुणी तरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. फवारणीची औषधं त्या घरातून त्याच दिवशी दुसरीकडे हलवावीत आणि माणसाला एकटं ठेवू नये. रावेरला ग्रामीण रुग्णालय आहे, जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग आहे. आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून देशभर टेलि-मानस ही सेवा सुरू आहे: १४४१६ हा क्रमांक, दिवसरात्र, फुकट, मराठीतून. फोन दुःखातल्या माणसानेच करायला हवा असं नाही. शेजाऱ्याने, जावयाने, आशाताईने, पोलीस पाटलाने लावला तरी पलीकडचा माणूस या घराशी कसं बोलायचं, पुढे कुणाकडे न्यायचं, हे समजावून सांगतो.